ओटा तोच, स्वयंपाकघर नवे

थोड्या खर्चात जुने स्वयंपाकघर सुधारण्याची रीत आणि त्यात कारागिरांसाठी असलेला धंदा

आमचा व्यवसाय कापडाचा. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही थान उलगडत आणि कापड मोजत आलो आहोत. या धंद्यात पहिला धडा मिळतो तो असा की, गिऱ्हाईक रंग पाहते आणि जाणता दुकानदार पोत पाहतो. रंग उडाला पण पोत शाबूत आहे, असे कापड रंगवून पुन्हा वापरता येते. पोत विरला असेल तर वरून कितीही रंग चढवा, ते फाटणारच. जुन्या काळी कोटाची वरची बाजू झिजली की शिंपी तो उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवत असे आणि कोट आणखी काही वर्षे चाले. हाच नियम स्वयंपाकघरालाही लागू पडतो, हे आम्हांस आमच्याच घरी शिकावे लागले. तो अनुभव आणि त्यातून कळलेला हिशेब वाचक बांधवांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली निघाली, पाठोपाठ मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पवनेच्या काठची आमची ही गावे वस्तीने भरून गेली. कामगारांनी, छोट्या दुकानदारांनी गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन ऐपतीप्रमाणे घरे बांधली. त्या काळातले स्वयंपाकघर ठरलेल्या साच्याचे असे. कडप्प्याचा ओटा, त्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या, भिंतीला दोन-तीन फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल, कोपऱ्यात सिंक आणि छताला एकच दिवा. आमचेही १९९६ सालचे स्वयंपाकघर असेच होते.

तीस वर्षांत त्याची कळा गेली. ट्रॉल्या ओढताना दोन हात लावावे लागत. दारांचा सनमायका कडेने सुटला होता. टाइलच्या फटी काळ्या पडल्या होत्या. घरच्या मंडळींची एकच तक्रार होती, "अहो, स्वयंपाक करताना माझीच सावली भांड्यात पडते, मीठ किती पडले ते दिसत नाही." मुलांनी मोड्युलर किचनच्या एका दुकानातून अंदाजपत्रक आणले. सगळे पाडून नवे करण्याचे ३ लाख ४० हजार रुपये आणि महिनाभर घरात चूल बंद. दुकानदाराने काही गैर सांगितले नव्हते. नव्या कामाचा भाव तेवढाच असतो. पण आम्हांस हा प्रश्न पडला की, यातले खरोखर खराब काय झाले आहे?

कुदळवाडीचे मिस्त्री

याच सुमारास आमच्या ओळखीचे एक सुतार मिस्त्री घरी आले. कुदळवाडीत एका पत्राशेडच्या कोपऱ्यात त्यांचे कटिंग मशीन आणि फर्निचरचे काम चालत असे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील हजारो बांधकामे अनधिकृत ठरवून पाडली. त्यात भंगाराची दुकाने, गोदामे, लहान कारखाने गेले आणि मिस्त्रींचे शेडही गेले. मशीन एका नातलगाच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले आणि हातात फक्त अवजारांची पिशवी, अशी त्यांची स्थिती होती. नवे फर्निचर बनवायला जागा लागते, ती उरली नव्हती. आम्ही त्यांना स्वयंपाकघर दाखविले. अर्धा तास ठोकून, वाकून, ओढून पाहिल्यावर ते म्हणाले, "चाचा, सांगाडा मजबूत आहे. चेहरा तेवढा जुना झालाय. पाडू नका. हे काम मी इथेच बसून करतो, मला शेड लागत नाही."

या शेवटच्या वाक्यात एक आख्खा धंदा दडलेला आहे, हे आम्हांस नंतर उमगले. आधी कामाची रीत पाहू.

आधी तपासणी, मग भाव

मिस्त्रींनी वहीत तीन रकाने पाडले. 'ठेवायचे', 'दुरुस्त करायचे' आणि 'बदलायचे'. तपासणी कोणालाही करता येण्यासारखी आहे.

टाइलवर नाण्याने टकटक करावी. घट्ट आवाज आला तर टाइल भिंतीला धरून आहे, पोकळ आवाज आला तर मागचा माल सुटला आहे. कपाटाच्या लाकडाला खालच्या कडेने पेचकस टोचून पाहावा. टोक आत घुसले किंवा भुसा पडला तर पाण्याने किंवा वाळवीने ते खाल्ले आहे. कपाट प्लायवूडचे आहे की भुश्याच्या पार्टिकल बोर्डाचे, हे कापलेल्या कडेवरून कळते. प्लायवूडला पातळ थर दिसतात, बोर्डात दाणे दिसतात. पाणी पिऊन फुगलेला पार्टिकल बोर्ड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, त्यावर खर्च करू नये. ओट्याला आरपार तडा आहे का, सिंकखाली ओल आहे का, वरच्या मजल्याच्या मोरीतून पाझर येतो का, हेही पाहावे.

आमच्याकडे ओटा, कपाटांचा सांगाडा आणि बहुतेक टाइल 'ठेवायचे' या रकान्यात गेल्या. ट्रॉल्यांच्या जाळ्या, दारे आणि फटी 'दुरुस्त' मध्ये आल्या. 'बदलायचे' यात नळ, बिजागऱ्या, चॅनेल, सिंकखालची दोन दारे आणि विजेची तार, एवढेच आले.

पाणी पहिले

कामाचा क्रम चुकला तर पैसा दोनदा जातो. पहिले पाणी, मग वीज, मग ओटा आणि टाइल, मग रंग आणि दारे सर्वांत शेवटी. आमच्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले. तेव्हापासून घरोघरी साठवणीच्या टाक्या, जादा नळ आणि जोड वाढले आणि जितके जोड तितक्या गळतीच्या जागा.

इथे आम्ही स्वतः चूक केली, ती सांगणे बरे. बकरी ईद जवळ आली होती आणि आम्हांस घाई होती. मिस्त्री म्हणत होते की, सिंकच्या पाइपचा जोड एक दिवस पाहू द्या. आम्ही म्हणालो, दारे बसवून टाका. दारे बसली, ईदही झाली. दोन महिन्यांनी सिंकखालची फळी फुगून वर आली. पाइपचा जोड थेंब थेंब गळत होता. ती फळी काढून नवी बसविण्यास १,९०० रुपये लागले. चूक मिस्त्रींची नव्हती, घाई आमची होती.

चाचणी सोपी आहे. सिंक काठोकाठ भरावे आणि एकदम सोडावे. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून रात्रभर ठेवावा. सकाळी कागद कोरडा असेल तरच सुताराला बोलवावे. नळावर आणि सिंकवर जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून फडक्याने चोळावे आणि लगेच धुवावे. मात्र हे पाणी कडप्पा, कोटा किंवा संगमरवर यांवर पडू देऊ नये. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आंबट लागले की त्यांची चकाकी मरते आणि डाग कायमचा राहतो. ग्रॅनाइटला हा धोका नाही.

वीज आणि उजेड

तीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मिक्सर आणि फार तर फ्रिज असे. आज ओव्हन, इंडक्शन, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, एक्झॉस्ट पंखा असे सगळे त्याच जुन्या तारेवर चालते. एका सॉकेटमध्ये मल्टिप्लग लावून तीन यंत्रे जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. जड यंत्रांसाठी सोळा अँपियरचे वेगळे सॉकेट घ्यावे आणि त्याला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढावी. तीस मिलिअँपियरची आरसीसीबी बसवावी. ओल्या हाताने शॉक बसू लागताच ती क्षणात वीज तोडते. सॉकेट सिंकपासून दूर आणि शेगडीच्या थेट वर नसावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

उजेडाची गोष्ट तर फारच स्वस्तातली आहे. छताचा दिवा पाठीमागे असतो, म्हणून सावली ओट्यावर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला, एलईडीची पट्टी लावली की उजेड थेट भाजी चिरण्याच्या जागेवर पडतो. या एका गोष्टीने आमच्या घरच्या मंडळींची पंधरा वर्षांची तक्रार मिटली आणि त्याला लागलेला खर्च सगळ्या यादीत सर्वांत कमी होता.

ओटा आणि त्याची उंची

ओट्याची उंची ही दुर्लक्षिलेली बाब आहे. गवंड्याने पूर्वी सवयीने तीस इंच ठेवली आणि बाईने आयुष्यभर वाकून स्वयंपाक केला. साधारण नियम असा की, सरळ उभे राहून कोपर दुमडल्यावर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली यावा. हे माप घरातील पुरुषाचे घेऊ नये, जी रोज उभी राहते तिचे घ्यावे.

ओटा न फोडता उंची थोडी वाढविता येते. कडप्पा मजबूत असेल तर तो खरवडून, साफ करून त्यावर रसायनाने ग्रॅनाइट चिकटविता येते. अठरा मिलिमीटरचे ग्रॅनाइट आणि खालचा थर मिळून जवळजवळ एक इंच उंची वाढते. वजनाचा हिशेब मात्र करावा. या जाडीचे ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्यावर सुमारे ७२ किलो भार वाढतो. खाली विटांचे किंवा दगडाचे उभे टेकू असतील तर हा भार जड नाही. ओटा फक्त भिंतीत खोचलेला असेल किंवा त्याला तडा असेल तर हा मार्ग घेऊ नये. ज्यांना हा खर्च नको, त्यांनी कडप्प्यालाच पुन्हा घासून पॉलिश करून घ्यावे, तोही चांगला दिसतो.

टाइल आणि फटी

पांढऱ्या टाइल मळतात असे आपण म्हणतो, पण पाहिले तर टाइल साफ असते आणि तिच्या फटी काळ्या असतात. जुनी फट खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरले तर ते तेल-हळद शोषत नाही आणि भिंत नव्यासारखी दिसते. चार-दोन टाइल फुटल्या असतील तर तशाच जुन्या टाइल शोधत बाजारभर फिरू नये, त्या मिळत नाहीत. त्यापेक्षा ओट्यामागची पट्टी वेगळ्या रंगाच्या टाइलने मढवावी. जुनी टाइल घट्ट असेल तर तिच्यावरच टाइल चिकटविण्याच्या खास मालाने नवी बसते, फोडावे लागत नाही. नुसत्या सिमेंटने बसविली तर गुळगुळीत पाठीवरून ती सुटते. भिंत थोडी जाड होते, म्हणून सॉकेटच्या पेट्या तेवढ्या पुढे घ्याव्या लागतात. टाइलवर मारायचा रंगही मिळतो, पण शेगडीच्या मागे उष्णता आणि रोजची घासाघीस यांपुढे तो टिकत नाही.

दारे, बिजागऱ्या आणि ट्रॉल्या

दारावर नवा एक मिलिमीटरचा सनमायका चढविणे हे या कामाचे मुख्य अंग. जुना सनमायका घट्ट असेल तर त्यावरच चढविता येतो. पण आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, पूर्ण वाळू द्यावे आणि जाड सँडपेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा. या तयारीत सुताराचा अर्धा दिवस जातो आणि नेमका हाच अर्धा दिवस वाचविण्याचा मोह होतो. तेलावर चिकटविलेला सनमायका पुढच्या उन्हाळ्यात फुगा धरतो. कडेला एज बँडची पट्टी लावलीच पाहिजे, कारण पाणी कडेनेच शिरते. सिंकखालची दारे नवी करायची असतील तर आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्यावे, बाकी ठिकाणी त्याची गरज नाही.

बिजागरी बदलताना जुन्या बिजागरीचा एक नमुना खिशात घालून दुकानात जावे. आत लपणाऱ्या बिजागरीचा वाटीसारखा भाग बहुतेक पस्तीस मिलिमीटरचा असतो, म्हणून जुन्याच भोकात नवी बसते. मात्र दार सांगाड्यावर पूर्ण चढते, अर्धे चढते की आत बसते, त्यानुसार तिचा वाक वेगळा असतो. वाक चुकला तर दार लागत नाही.

ट्रॉली जड चालते तेव्हा दोष बहुतेक जाळीचा नसतो, चॅनेलचा असतो. चॅनेलची जोडी बदलली की तीच ट्रॉली बोटाने सरकते. नवी स्टीलची जाळी घ्यायची झाल्यास २०२ आणि ३०४ या दोन प्रतींतला फरक जाणावा. ३०४ मध्ये सुमारे आठ टक्के निकेल असते आणि ते सहजासहजी गंज धरत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते, ते स्वस्त पडते आणि ओलीत लवकर डागाळते. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण चुंबक दोन्हींना सहसा धरत नाही. भंगाराचे व्यापारी थेंब टाकून तपासायचे रसायन वापरतात, ते हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातही असते. दुकानदारास थेंब टाकून दाखवायला सांगावे आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी.

आगीची आणि रंगाची खबरदारी

सनमायका चिकटविण्याचे रबरी सोल्यूशन आणि थिनर लगेच पेट घेतात. काम चालू असताना शेगडी बंद, सिलिंडर खोलीबाहेर आणि खिडक्या उघड्या, हे तीन नियम मोडू नयेत.

सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर दाराच्या खालच्या बाजूस झरोके हवेत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साठतो. आता आपल्याकडे पुष्कळ घरांत पाइपने नैसर्गिक वायू येतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणून त्याच्यासाठी झरोका वर हवा. पाइप, मीटर किंवा बंद करण्याची चावी कपाटात चिणू नये आणि पाइप हलवायचा असल्यास गॅस कंपनीचाच माणूस बोलवावा. सिलिंडरची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी, नळीवर तारीख छापलेली असते.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून पाणी लावून घासावे, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना त्या दिवशी नातलगांकडे पाठवावे.

आमचा हिशेब

आठ फुटांचा ओटा, चार ट्रॉल्या, आठ दारे एवढे आमचे काम होते. २०२५ च्या मे महिन्यात आम्हांस आलेला खर्च असा. नळ आणि प्लंबिंग ४,७०० रुपये. वीज आणि दिवे ८,३००. सनमायका, सोल्यूशन, बिजागऱ्या, चॅनेल, मुठी आणि सिंकखालची दोन दारे मिळून १२,५००. मिस्त्री आणि मदतनीस यांची पाच दिवसांची मजुरी ११,०००. ग्रॅनाइट मजुरीसह ९,८४०. टाइल आणि इपॉक्सी ७,५८०. भिंत आणि छताचा रंग ५,२००. बेरीज ५९,१२०. त्यात आमच्या घाईचा दंड १,९०० मिळवला की ६१,०२० रुपये होतात. भाव जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, पण प्रमाण ध्यानात यावे. पाडून नवे करण्याच्या मानाने पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम घरात राहिली आणि चूल फक्त चार दिवस बंद होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या ६१ हजारांपैकी २७-२८ हजार रुपये मजुरीचे होते. सुतार, त्याचा मदतनीस, प्लंबर, वायरमन, दगडकाम करणारा, टाइलवाला आणि रंगारी, अशा सात माणसांच्या घरी ते गेले. सातही जण आपल्याच परिसरातले होते. फोडलेल्या भिंतींचा ट्रकभर राडारोडा निघाला नाही. दोन पोती निघाली, तीही नदीकाठी न टाकता रीतसर दिली.

कधी थांबावे

प्रत्येक स्वयंपाकघर डागडुजीने सुधारते असे नाही. वरच्या मजल्यावरून पाझर येत असेल, छताच्या स्लॅबची सळई उघडी पडली असेल, सांगाड्याला वाळवी लागली असेल, तर वरून सनमायका चढविणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आधी मूळ दुखणे दूर करावे. तसेच मोकळे स्वयंपाकघर करण्याच्या हौसेने मधली भिंत पाडू नये. आपल्या भागातील जुनी घरे अनेकदा खांबांवर नसून विटांच्या भिंतींवर उभी आहेत. ती भिंत म्हणजे वरच्या मजल्याचा आधार असतो. अभियंत्यास दाखविल्याखेरीज तिला हात लावू नये.

कारागीर बांधवांसाठी

नव्या स्वयंपाकघराचे काम मोठ्या कंपन्यांकडे गेले आहे. त्यांच्याकडे कारखाना, जाहिरात आणि हप्त्यांची सोय आहे. त्यांच्याशी नव्या मालात टक्कर देणे लहान सुतारास अवघड आहे. पण तीस वर्षांचे जुने दार कसे पुन्हा उभे करायचे, याला हात आणि नजर लागते, ती कंपनीकडे नाही. पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, कासारवाडी या पट्ट्यात आमच्यासारखी जुनी स्वयंपाकघरे गल्लोगल्ली आहेत. या कामाला शेड लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. रमजानच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत त्याला हमखास मागणी असते.

मात्र हा धंदा भरवशावर चालतो. आमच्या व्यापारी अनुभवातून चार गोष्टी सुचवितो.

पहिली, तपासणीचे दोन-तीनशे रुपये घ्यावेत आणि काम मिळाल्यास ते वजा करावेत. फुकट तपासणीला किंमत राहत नाही. दुसरी, अंदाज लेखी द्यावा, माल वेगळा आणि मजुरी वेगळी लिहावी. उचल मालापुरतीच मागावी आणि मजुरी टप्प्याने घ्यावी. तिसरी, हार्डवेअरच्या दुकानातून मिळणारे छुपे कमिशन सोडून द्यावे किंवा गिऱ्हाइकास उघड सांगावे. हे कमिशन आज शंभर रुपये देते आणि उद्याची दहा कामे नेते, कारण गिऱ्हाईक एक ना एक दिवस त्याच दुकानात भाव विचारतेच. चौथी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि टाइलवाला यांनी मिळून काम घ्यावे. गिऱ्हाइकास चार ठिकाणी फोन करावा लागू नये आणि कामाचा क्रम बिघडू नये.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि राजमिस्त्री आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर अशी तिची तरतूद आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. आपले पुष्कळ कारागीर कागदपत्रांच्या कंटाळ्याने अशा सवलतींपासून दूर राहतात. शिकलेल्या मुलांनी एक संध्याकाळ काढून वडिलांचा अर्ज भरून द्यावा.

आमच्या मिस्त्रींना आमच्या घरानंतर शेजारच्या दोन घरांतून बोलावणे आले. मशीन अजून ताडपत्रीखालीच आहे, जागा मिळालेली नाही. पण आता त्यांनी एक मुलगा हाताखाली घेतला आहे आणि पिशवीच्या दोन पिशव्या झाल्या आहेत. आमच्या घरी तोच ओटा आहे आणि त्यावर बाईला स्वतःची सावली न पडता स्वयंपाक करता येतो. कापड असो, कपाट असो की कारागीर, आधी पोत पाहावा. तो शाबूत असेल तर टाकून देऊ नये.